आपली मुले कोणती?

गावात नवी शाळा बांधून झाली म्हणजे ती पाहावयास लहानथोर सर्व जातात. ज्यांस अक्षरओळख नाही असे म्हातारेही भिंतीवरून हात फिरवून गिलावा कसा बसला आहे ते पाहतात, खिडक्या मोजतात, आणि फळ्यापुढे क्षणभर उगेच उभे राहतात. ह्यात गैर काही नाही. आपल्या लेकरांस आपणांपेक्षा बरे मिळावे ही इच्छा देवाने आईबापांच्या ठायी घातली आहे, आणि जिच्यात ही इच्छा उरली नाही ती मंडळी लवकरच उतरणीस लागते. तथापि ह्या चांगल्या इच्छेसंबंधाने एक प्रश्न आहे, तो फारसा कोणी विचारीत नाही. ‘आपली लेकरे’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणती लेकरे आपल्या मनात असतात? लेकरांवर प्रीती करणे हा सद्गुण आहे हे सर्वांस मान्य. परंतु त्या प्रीतीस कुंपण घातले म्हणजे ती सद्गुणच राहते, की तिचे दुसरेच काही होते?

असले प्रश्न नुसत्या तर्काने सुटत नाहीत. म्हणून आज आम्ही वाचकांस एका खऱ्या शाळेत नेतो. ती फार दूर, अमेरिकेतील आर्कान्सा राज्याची राजधानी जी लिटल रॉक, त्या शहरी आहे. ती आजही भरते, आणि १९९८ सालापासून त्या देशाने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपिले आहे. परंतु आपण ती नवी असता पाहू.

१९२७ साल आहे व आपण तिच्यासमोर उभे आहो असे वाचकांनी मनात आणावे. फिकट पिवळ्या विटांची ही इमारत शहराच्या दोन चौकांएवढी लांब पसरली आहे. पुढे हिरवळ, हिरवळीत पाण्याचा हौद, आणि त्या पाण्यात साऱ्या इमारतीचे प्रतिबिंब. दोन्ही अंगांनी पायऱ्या चढून वर मुख्य दरवाजाशी गेले म्हणजे माथ्यावर चार पुतळे दिसतात. त्यांस नावे दिली आहेत ती अशी: महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि पूर्वतयारी. आत शिरावे तो वर्गामागून वर्ग. असे १०० वर्ग, आणि ३,००० विद्यार्थ्यांची सोय. सभागृहात २,००० माणसे बसतात. आपल्या इकडील एखाद्या तालुक्यातील साऱ्या मंडळ्या तीत एकदम बसून वर जागा उरेल. बांधकामास ३ कोटी ६० लक्ष पौंड काँक्रीट व ३७० टन पोलाद लागले, आणि खर्च आला १५ लक्ष डॉलर. त्या काळी हा आकडा ऐकून लोकांचे डोळे विस्फारले. शिल्पकारांच्या राष्ट्रीय संस्थेने ह्या शाळेस अमेरिकेतील सर्वांत सुंदर हायस्कूल म्हटले, आणि न्यूयॉर्कच्या एका मोठ्या वृत्तपत्राने सर्वांत महागडे म्हटले. दोन्ही गोष्टींचा लिटल रॉककरांस सारखाच अभिमान वाटला असावा.

येथे कोणी म्हणेल की हा सारा डामडौल आहे. ज्ञान काय झाडाखालीही मिळते. असे बोलणारे गृहस्थ आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. ते आपली स्वतःची मुले बहुधा झाडाखाली पाठवीत नाहीत. रसायनशास्त्र शिकवावयाचे तर प्रयोगशाळा लागते, वाचनाची गोडी लावावयाची तर ग्रंथांनी भरलेली खोली लागते, आणि जेथे उजेड नीट येत नाही तेथे मुलांचे डोळे शिणतात. सुंदर इमारतीत रोज वावरणाऱ्या मुलास आपण कोणी तरी आहो असे वाटू लागते, हा लाभही लहान नव्हे. म्हणून खर्चाबद्दल आम्ही त्या लोकांस दोष देत नाही. त्यांनी आपल्या मुलांवर प्रीती केली आणि ती विटांत व पोलादात दाखविली.

मग उणे ते काय? उणे होते ते पाहुण्यास दिसण्यासारखे नव्हते. ज्या शहराने ही शाळा बांधिली त्या शहरात कृष्णवर्णीय लोकही हजारांनी राहत असत. तेही कर भरीत. आणि त्यांच्या मुलांस ह्या दरवाजातून आत येण्याची मोकळीक नव्हती. दरवाजावर तशी पाटी लाविलेली नव्हती. तिची गरजही नव्हती, कारण सर्वांस ते ठाऊकच होते. इमारत पाहावयास आलेला मनुष्य वर्ग मोजतो, पुतळे पाहतो, हौदाची स्तुती करतो. जो तेथे आलाच नाही तो त्यास कसा दिसावा? ‘संधी’ नावाचा पुतळा दरवाजावर बसविताना त्या लोकांस त्यात काही विसंगत वाटले नाही, आणि ते ढोंग करीत होते असेही आम्हांस वाटत नाही. ती आपल्या मुलांकरिता संधी होती. कोणाच्या, हा प्रश्न त्यांस सुचला नाही, इतकेच.

आता त्याच शहरात थोडे चालून दुसरी शाळा पाहू. ती १९२९ साली कृष्णवर्णीय मुलांकरिता बांधण्यात आली. नकाशे करणारांत पहिल्या शाळेच्या शिल्पकारांपैकीच दोघे होते, व तोंडवळाही पहिलीसारखाच आहे, जणू थोरल्या बहिणीच्या कापडाच्या उरल्या तुकड्यात धाकटीचे झबले शिवावे. खर्च ४ लक्ष डॉलर. त्यांतील ६७,५०० डॉलर शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड ह्यांच्या निधीतून आले, व ३०,००० डॉलर रॉकफेलर ह्यांच्या शिक्षणनिधीतून. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा बाहेरच्या दानाचा. ह्या रोझेनवाल्ड ह्यांच्या साह्याने अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या, हे त्यांच्या कीर्तीस शोभणारे आहे. पण शहराच्या करातून एकास घर मिळावे व दुसऱ्यास त्याच करावर भिक्षाही मागावी लागावी, हा हिशेब सरळ नव्हे.

ह्या शाळेस प्रथम हातकामाच्या शाळेचे नाव द्यावयाचे ठरले होते. तेथील कृष्णवर्णीय नागरिकांस ते रुचले नाही. आमच्या मुलांस सुतारकी व शिवणकाम येऊ द्या, परंतु लॅटिन व बीजगणितही येऊ द्या, असा त्यांचा आग्रह होता. आणि शेवटी पॉल लॉरेन्स डनबार ह्या कृष्णवर्णीय कवीचे नाव शाळेस मिळाले. तेथील शिक्षक विद्वान व कष्टाळू होते. त्यांतील सू मॉरिस नावाच्या इंग्रजी शिकविणाऱ्या बाईंनी १९४२ साली न्यायालयात फिर्याद केली की, गोऱ्या शिक्षकांइतकेच काम करून आम्हांस वेतन कमी का? खालच्या न्यायालयात त्या हरल्या, नोकरीही गेली. १९४५ साली वरच्या न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. ज्यांची मुले सावकाराच्या भीतीने खोटा अंगठा उठविताना बाप पाहत आली आहेत अशा आमच्या वाचकांस ह्या बाईंच्या धैर्याची किंमत कळेल.

आता एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही हलका समजत नाही. कोणी म्हणेल, दुसरी शाळाही चांगलीच होती. शिक्षक आपलेच, मुले आपलीच, अपमान करणारा कोणी नाही. मग जेथे आपण नकोसे आहो तेथे जाण्याचा हट्ट कशास? डनबार शाळेत शिकलेली कित्येक वृद्ध मंडळी तिची आठवण मोठ्या प्रेमाने काढीत आली, हे खरे आहे. आपल्या घरची भाकर गोड लागते. परंतु भाकर गोड लागणे ही एक गोष्ट आणि दुसऱ्याने आपणांस पंक्तीतून उठविणे ही दुसरी. पहिलीमुळे दुसरी न्याय्य ठरत नाही. आणि कोणत्या मुलाला काय शिकता यावे हे त्याच्या बुद्धीने न ठरता त्याच्या कातडीने ठरावे, हा अन्याय उत्तम शिक्षकांनाही पुसून टाकता येत नाही.

ह्या गोष्टी आमच्या लोकांस नव्याने सांगावयास नकोत. १८५६ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला व तो त्यास नाकारण्यात आला. एका मुलासाठी बाकीची शाळा कशी मोडावी, असा तेव्हाचा विचार. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत, हे तर आता शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांनी पडवीत बसून आतला धडा ऐकिला, त्यांस लिटल रॉक परके वाटणार नाही.

असो. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की सरकारी शाळांत वर्णावरून मुले वेगळी ठेवणे कायद्यास धरून नाही. लिटल रॉकच्या शाळामंडळाने तीन वर्षे घेऊन नऊ मुलांस त्या सुंदर शाळेत घेण्याचे कबूल केले. ४ सप्टेंबर १९५७ रोजी ही मुले जावयाची होती. राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस ह्यांनी दोन दिवस आधीच नॅशनल गार्ड नावाची राज्याची फौज शाळेभोवती उभी केली. सर्वांनी मिळून जावे असा निरोप आदल्या रात्री फिरला, परंतु एलिझाबेथ एकफर्ड ह्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या घरी टेलिफोन नव्हता. तिला तो कळला नाही. तिने पहिल्या दिवसाकरिता नवा पोशाख घरीच शिवला होता. निघण्यापूर्वी आईने सर्वांस जवळ बोलावून प्रार्थना केली. मग ती मुलगी एकटीच गेली. शिपायांनी गोऱ्या मुलांस वाट दिली आणि ती पुढे होताच बंदुका आडव्या केल्या. मागे शिव्या देणारा जमाव, पुढे बंदुका. ती सावकाश चालत जाऊन रस्त्याकडेच्या बाकावर बसून राहिली. एका वृत्तपत्राचा बातमीदार तिच्याजवळ जाऊन बसला, आणि एका गोऱ्या बाईने तिला गाडीत बसवून दिले.

बाकीच्या मुलांबरोबर त्या सकाळी काही धर्मोपदेशक चालले. त्यांत डनबार ऑग्डेन नावाचे एक गोरे प्रेस्बिटेरियन पाळक होते. शहरातील पाळकांच्या संघाचे ते त्या वर्षीचे अध्यक्ष. त्यांचा मुलगाही त्यांच्यासंगे चालला. पुढे त्यांच्या मंडळीत त्यांच्याविषयी इतकी अप्रीती वाढली की त्यांस ती सोडावी लागली. आम्ही हे नाव मुद्दाम लिहितो. मंडळीचे मन दुखवू नये म्हणून गप्प बसणे हा पाळकांचा व उपदेशकांचा नेहमीचा मोह आहे, आणि त्या शहरात त्या दिवशी गप्प बसलेले पुष्कळ होते.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. न्यायालयाने फौज हालविली. २३ सप्टेंबरला मुले बाजूच्या दाराने आत गेली, पण जमाव आवरेना म्हणून दुपारपूर्वीच त्यांस बाहेर काढावे लागले. तेव्हा अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांनी हजारावर सैनिक पाठविले, आणि २५ सप्टेंबर रोजी नऊ मुले मुख्य दरवाजाने, त्या चार पुतळ्यांखालून आत गेली. वर्षभर त्यांस लाथा, धक्के व शिव्या सोसाव्या लागल्या. शिवाय प्रवेश देताना मंडळाने अट घातली होती की वर्ग तेवढे तुमचे. वाद्यवृंद, खेळ, संमेलने ह्यांत भाग घ्यावयाचा नाही. अर्नेस्ट ग्रीन सॅक्सोफोन वाजवीत असे, जेफर्सन थॉमस चांगला धावणारा होता. ज्या सोयींचा एवढा लौकिक, त्यांतील बऱ्याच त्यांस दुरून पाहण्यापुरत्या होत्या. मे १९५८ मध्ये ग्रीनचे नाव पुकारले गेले व तो प्रमाणपत्र घेण्यास पुढे आला, तेव्हा इतरांकरिता वाजणाऱ्या टाळ्या थांबल्या. प्रेक्षकांत मार्टिन ल्यूथर किंग होते.

परंतु आमच्या प्रश्नाचे उत्तर ह्यापुढील वर्षात आहे, आणि त्याची आठवण मात्र फार थोड्यांस आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये गव्हर्नरांनी नवा कायदा हाती घेऊन शहरातील चारही सरकारी हायस्कुले बंद केली. कृष्णवर्णीय मुले गोऱ्यांच्या शाळेत बसण्यापेक्षा कोणीच कोठे बसू नये. मग लोकांचे मत घेतले. २७ सप्टेंबरला १९,४७० मते मिश्र शाळांच्या विरुद्ध पडली व ७,५६१ बाजूने. ३,६०० हून अधिक मुले घरी बसली. शिक्षकांचे करार चालू होते म्हणून ते रोज सकाळी येत, हजेरी देत, आणि रिकाम्या बाकांसमोर बसून दिवस काढीत. १०० वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा, २,००० आसनांचे सभागृह, आणि त्यात मूल एक नाही. फुटबॉलचे सामने मात्र गव्हर्नरांच्या मर्जीने होत राहिले! गोऱ्या मुलांपैकी बहुतेकांस नातेवाइकांकडे किंवा खासगी शाळांत जागा मिळाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे निम्म्यांस कोठेच मिळाली नाही.

एकतीस वर्षांपूर्वी ज्यांनी १५ लक्ष डॉलर खर्चून आपल्या लेकरांवरची प्रीती दाखविली, त्यांनीच, किंवा त्यांच्या मुलांनी, आता त्याच लेकरांच्या तोंडावर तो दरवाजा लाविला. ही प्रीती कोठे गेली? आम्हांस वाटते की तिचा बाह्य आकार तसाच राहिला, आतला जीव बदलला. प्रथम मनुष्य म्हणतो, माझ्या लेकरास उत्तम मिळो. मग म्हणतो, माझ्याच लेकरास मिळो. आणि हा ‘च’ एकदा वाक्यात शिरला की हळूहळू सारे वाक्य तोच खातो. लेकरू गळते, उत्तमही गळते, दुसऱ्यास मिळू नये एवढेच उरते. वैर करावयाचे असे ठरवून कोणी ह्या वाटेस लागत नाही. तो मुलांचे भले करावयासच निघालेला असतो, म्हणून त्यास आपले पाऊल कोठे पडत आहे हे कळत नाही.

वाचक म्हणतील, आमच्याजवळ ना लक्ष डॉलर, ना पुतळे. हे आम्हांस कशास? परंतु आमच्या कित्येक मंडळ्यांत वर्गणीने एक खोली बांधितात, तीत रात्रीची शाळा किंवा मुलांचा अभ्यासवर्ग चालतो, चार बाकडी व एक दिवा येतो. आणि वर्षभरात कोणी तरी विचारतो, पलीकडच्या आळीची मुले येथे कशास? त्यांनी वर्गणी किती दिली? मग ज्या वाड्यांची नावे बाप्तिस्म्याच्या वेळी मागे टाकिली असे आपण सांगतो, ती नावे पुन्हा ओठांवर येतात. कोण पुढच्या बाकड्यावर, कोण दाराशी, कोणाच्या मुलाने घागरीस हात लावावा, हे कोणी ठरविलेले नसते आणि सर्वांस ठाऊक असते. उपदेशकांनी अशा खोलीत जाऊन पाहावे. भिंती पाहू नयेत. कोणते मूल येईनासे झाले आहे ते हजेरीपटावरून पाहावे, आणि त्याच्या घरी जाऊन विचारावे. वर्गणीचा प्रश्न निघाल्यास सांगावे की ज्या मिशनरी बाईने किंवा मास्तराने आपल्या आज्यास पहिले अक्षर शिकविले, त्यांनी त्याची वर्गणी विचारली नव्हती.

लिटल रॉकची शाळा पुन्हा कशी उघडली हे सांगावयाचे राहिले. पहिला उद्योग तेथील गोऱ्या स्त्रियांनी केला. अ‍ॅडॉल्फीन टेरी नावाच्या पंचाहत्तरीच्या बाईंनी सप्टेंबर १९५८ मध्ये स्त्रियांची एक समिती उभारली व दारोदार फिरून मते वळविण्यास आरंभ केला. त्या समितीतही कृष्णवर्णीय स्त्रियांस सभासद करून घेतले नाही. आपल्या मुलांच्या शाळा उघडा, एवढीच उघड मागणी ठेविली, कारण न्यायाची भाषा बोलल्यास मते जातील अशी भीती होती. चांगल्या कामातही कुंपण किती वेळ टिकते पाहा. मे १९५९ मध्ये शाळामंडळाच्या तिघा सभासदांनी ४४ शिक्षक व कर्मचारी ह्यांस काढून टाकिले, तेव्हा मात्र शहर चिडले; त्याच महिन्यात मतदारांनी त्या तिघांस पदावरून उतरविले. जूनमध्ये न्यायालयाने शाळा बंद करण्याचा कायदा रद्द ठरविला, आणि १२ ऑगस्ट १९५९ रोजी हायस्कुले उघडली.

नवांपैकी जेफर्सन थॉमस व कार्लोटा वॉल्स ही दोघे त्या शाळेत परत आली. कार्लोटाचा बाप गवंडी होता. फेब्रुवारी १९६० मध्ये एका रात्री तिच्या घराशी बाँब फुटला. घरची माणसे वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुस्तके घेऊन शाळेत गेली, आणि मे महिन्यात तिला प्रमाणपत्र मिळाले.